दुकानात तुम्ही नसता, पाकीट असतं

प्रश्न : आम्ही दोघी जावा मुलुंड पूर्वेला घरून मसाले आणि पिठं करतो. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, उपवासाची भाजणी, चटण्या असे अकरा प्रकार आहेत. गोडा आणि कांदा-लसूण मसाला एकाच डंकावर (कुटण्याच्या यंत्रावर) देतो. एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी केलेली आहे. प्रदर्शनात दोन दिवसांत शंभरेक पाकिटं हातोहात जातात. पण मुलुंड, ठाणे आणि दादरच्या सहा दुकानांत ठेवलेला माल महिना महिना हलत नाही. २०० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत इतरांपेक्षा २० रुपयांनी उतरवली, तरी तेच. दुकानदार म्हणतो, ‘ताई, पाकीट उठून दिसत नाही.’ भाच्याच्या ओळखीचा डिझायनर लोगो आणि नवं पाकीट यांचे २५ हजार मागतोय, पाकिटावर ‘परंपरेचा अस्सल स्वाद’ लिहा म्हणतो. खर्च करावा का? पाकिटाचे फोटो सोबत पाठवले आहेत.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर :

ताई, २५ हजार खर्च करा, पण लोगोवर नको. आणि त्याच्याही आधी किंमत जागेवर आणा, कारण ते २० रुपये सगळ्यात महाग पडताहेत.

समजा, २०० ग्रॅम गोड्या मसाल्याची छापील किंमत १८० रुपये होती. दुकानदाराचे २५ टक्के, म्हणजे ४५ गेले, हातात १३५. जिन्नस ६२, भाजणं-दळणं १२, पाकीट आणि लेबल ९, पोचवणं आणि परत आलेला माल मिळून १० धरले, तर खर्च ९३ आणि उरले ४२. किंमत १६० केल्यावर दुकानदाराचे ४० जाऊन १२० राहतात, खर्च तोच ९३, उरतात २७. पूर्वी १०० पाकिटांवर जे सुटत होतं, त्यासाठी आता १५६ विकायला हवीत. तुमचे आकडे थोडे वेगळे असतील, हिशोब असाच होईल. शिवाय मसाल्यात स्वस्ताईचा उलटा अर्थ लागतो. शेजारच्या पाकिटापेक्षा २० रुपये कमी आणि वर पातळ पिशवी, म्हणजे खोबरं जुनं असेल किंवा धनेच जास्त घातले असतील, असं गिऱ्हाईक मनात धरतं.

आता प्रदर्शन आणि दुकान यांतला फरक पाहा. माल तोच आहे. प्रदर्शनात टेबलामागे तुम्ही उभ्या असता, डबा उघडून वास देता, ‘आमटीला घाला, दीड चमचा पुरतो’ असं सांगता. दुकानात हे कुणीच सांगत नाही. म्हणून पुढच्या प्रदर्शनात एक काम करा. तुमचं कोणतं वाक्य ऐकल्यावर माणूस पाकीट उचलतो, ते जावेनं वहीत टिपायचं. दोन दिवसांत तीच तीन-चार वाक्यं पुन्हा पुन्हा येताना दिसतील. पाकिटाच्या दर्शनी बाजूला तीच छापायची. डिझायनरनं सुचवलेलं ‘परंपरेचा अस्सल स्वाद’ राहू द्या. ते कपाटातल्या प्रत्येक पाकिटावर आहे.

फोटोत तुमच्या ब्रँडचं नाव वळणदार अक्षरांत अर्धं पाकीट व्यापून बसलंय आणि ‘गोडा मसाला’ खाली बारीक आहे. हे उलटं करा. तुमचं नाव अजून कुणाला ठाऊक नाही, ते शोधत कुणी येत नाही. गिऱ्हाईक गोडा मसाला शोधत येतं. पदार्थाचं नाव सगळ्यात मोठं, अक्षराची उंची निदान १२ ते १५ मिलिमीटर, जाड आणि सरळ वळणाचं. बारीक कॅलिग्राफीत ‘गोडा’चा काना आणि ‘मसाला’चा काना हातभर अंतरावरून एकमेकांत मिसळतात. त्याखाली उपयोगाची एक ओळ, आणि ब्रँडचं नाव वरच्या पट्टीत, प्रत्येक पाकिटावर त्याच जागी, त्याच मापाचं.

उपयोगाची ओळ काय असावी? मुलुंडमध्ये तुमचं बरंच संभाव्य गिऱ्हाईक मराठी नाही. ‘गोडा’ वाचून अनेकांना हा गोड मसाला वाटतो आणि ते पुढे जातात. तेव्हा इथे अगदी साधी ओळ चालेल: ‘तिखट नाही, गोडही नाही. आमटी, मसालेभात आणि भरल्या वांग्यासाठी.’ हीच ओळ इंग्रजीतही हवी, कारण घरात स्वयंपाक करणारी आणि सामान आणणारी व्यक्ती एकच असेल असं नाही.

मागच्या बाजूला पाककृती टाकताना मोघम लिहू नका. ‘चवीनुसार मसाला घाला’ हे ज्याला येतं त्याला सांगायला नको, आणि ज्याला येत नाही त्याला त्यातून काही कळत नाही. असं लिहा: ‘चार माणसांच्या आमटीला चहाच्या चमच्याने सपाट दीड चमचा. डाळ उकळू लागली की गूळ आणि आमसुलाबरोबर घाला. तापलेल्या फोडणीत टाकू नका.’ चमचा कुठला ते सांगणं फार महत्त्वाचं आहे. पोह्याच्या चमच्याने दीड घातला तर आमटी काळी होते आणि दोष मसाल्यावर येतो. फोडणीचंही तसंच. गोड्या मसाल्यात तीळ आणि खोबरं असतं, ते गरम तेलात करपतं आणि कडवट लागतं. पहिल्याच वेळी आमटी कडू झाली, तर दुसरं पाकीट कुणी घेत नाही. मसाल्याच्या धंद्यात सगळी कमाई दुसऱ्या पाकिटापासून सुरू होते.

रंगाबद्दल घरच्या घरी करायची परीक्षा सांगतो. दुकानदाराला विचारून त्याच्या मसाल्याच्या कप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा. बहुतेक पाकिटं लाल-पिवळी दिसतील, त्यांवर वाटीतली रस्साभाजी आणि नऊवारीतली बाई. तुमच्या नव्या लेबलाचे दोन-तीन नमुने साध्या कागदावर छापून जुन्या पाकिटांवर चिकटवा, त्याच कप्प्यात ठेवा, पाच फुटांवरून पुन्हा फोटो घ्या. मग तो फोटो काळा-पांढरा करा आणि अंगठ्याच्या नखाएवढा लहान करून पाहा. तुमचं पाकीट शोधावं लागलं, तर तो नमुना बाद. बऱ्याचदा पांढऱ्या किंवा फिक्या जमिनीवर एकच गडद रंग असलेलं पाकीट या गर्दीत आधी दिसतं. गोड्याला काळपट तपकिरी, कांदा-लसूणला लाल, मेतकुटाला पिवळा, आणि तिन्हींची मांडणी तीच. तीन वेगवेगळी सुंदर पाकिटं एकत्र ठेवली तर ती तीन अनोळखी माणसांसारखी दिसतात.

तीन म्हटलं, कारण दुकानात अकरा प्रकार ठेवायचेच नाहीत. दुकानदार तुम्हाला फार तर फूटभर जागा देतो. पाकीट पाच इंच रुंद असेल, तर समोरून दोनच दिसतात. अकरा प्रकारांचं एकेक पाकीट दिलं, तर बाकीचे मागे दडपून बसतात आणि मागितल्यावर दुकानदारालाही सापडत नाहीत. प्रदर्शनात ज्यांचं गिऱ्हाईक पुन्हा येतं ते तीन निवडा. उरलेले आठ प्रदर्शनाला आणि व्हॉट्सॲपच्या ऑर्डरींना ठेवा.

सहा दुकानांना एकच मोजपट्टी लावू नका. दादरला मराठी पदार्थांच्या दुकानात माणूस निवडायला येतो, पाकीट उलटून वाचतो; तिथे लेबल काम करतं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गिऱ्हाईक काउंटरबाहेर उभं असतं, ‘गोडा मसाला द्या’ म्हणतं, आणि दुकानदाराचा हात जिथे आधी पोचेल तो मसाला त्याला मिळतो. तिथे दर्शनी बाजू कितीही देखणी असली तरी उपयोग नाही. तिथे दोन गोष्टी चालतात. एक, पाकिटाच्या वरच्या कडेला मधोमध भोक पाडून घ्या, म्हणजे ते दारातल्या तारेवर किंवा आकड्याला टांगता येईल. शांपूच्या लड्या लटकतात तीच जागा. ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते. दोन, दुकानदाराच्या घरी एक पाकीट फुकट द्या. त्याच्या घरची आमटी चांगली झाली, तर ‘हा घेऊन बघा’ हे वाक्य तो स्वतःहून म्हणतो.

वासाचं काय करायचं? मसाला डोळ्यांआधी नाकाला पटतो, आणि बंद पाकिटाला वास नसतो. दादरच्या दुकानात काउंटरवर झाकणाची छोटी काचेची बरणी ठेवा, दोन चमचे मसाला, वर दोन दगडफुलं आणि चार नागकेशर. दर आठ दिवसांनी आतला मसाला बदला. मुंबईच्या हवेत उघडझाप होणाऱ्या बरणीतला मसाला लवकर मंदावतो, आणि शिळा वास देणारी बरणी असण्यापेक्षा नसलेली बरी. किराणा दुकानांसाठी १० ते १२ ग्रॅमच्या पुड्या करा, दोन-तीन वेळच्या आमटीला पुरतील अशा, आणि मेतकुटाच्या पाकिटाला गोड्याची पुडी चिकटवून द्या. पुडी नमुन्याची असली तरी तिच्यावर नाव, तारीख, बॅच आणि नोंदणी क्रमांक हवाच.

आता पाकीट. साध्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीतून वास बाहेर जातो आणि पावसाळ्यात दमटपणा आत येतो. जूनमध्ये मसाल्याचे गोळे होतात ते यामुळे. दोन-तीन थरांचं लॅमिनेटेड पाउच घ्या, आतून चंदेरी असलेलं उत्तम. मस्जिद बंदर आणि अब्दुल रहमान स्ट्रीटच्या पट्ट्यात कोरे पाउच लहान संख्येत मिळतात. पारदर्शक खिडकीचा मोह कांदा-लसूण मसाल्याला आवरा. दुकानातल्या ट्यूबच्या उजेडात मिरचीचा रंग महिना-दीड महिन्यात फिका पडतो आणि ताजा मालही जुना दिसू लागतो. भाजणीला मात्र खिडकी शोभते.

छापील पाउच इतक्यात करू नका. त्याला प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर, म्हणजे छपाईचा कोरलेला रूळ, लागतो आणि हजारोंच्या संख्येत माल उचलावा लागतो. मग किंमत किंवा पत्ता बदलला की गठ्ठे पडून राहतात. कोरा पाउच आणि वर चांगलं लेबल, हे पहिलं वर्षभर पुरे. लेबल कागदी नको, त्यावर तेलाचे डाग पडतात. प्लॅस्टिक फिल्मचं, लॅमिनेशन केलेलं घ्या. घरच्या इंकजेटवर छापलेलं लेबल ओल्या हाताने पसरतं. तारीख आणि बॅच थर्मल कागदावर (दुकानातल्या पावतीचा असतो तसल्या) छापत असाल तर तेही बदला: उष्णता आणि तेल लागलं की ती अक्षरं उडतात, आणि तारीख नसलेलं पाकीट दुकानदार परत करतो. न पुसणाऱ्या शाईचा शिक्का चालेल.

फोटोत एका पाकिटाच्या तोंडाशी मसाल्याची रेघ दिसली. सील तिथेच सुटतं. चमच्याने भरताना पूड आतल्या कडेला चिकटते, आणि दोन थरांमध्ये पूड राहिली की ते एकजीव होत नाहीत. लांब नळीचं नरसाळं वापरा, नळी सीलच्या जागेच्या खाली पोचली पाहिजे. वरचा दीड इंच रिकामा सोडा, आतली कड कोरड्या फडक्याने पुसा, मग ८ ते १० मिलिमीटर रुंद सील मारा. दर पन्नासांतलं एक पाकीट बादलीत बुडवून दाबून पाहा. बुडबुडा आला, तर मशीनची उष्णता वाढवा. सुरकुती पडली, तर कमी करा. आणि मसाला कोमट असताना कधीच भरू नका. दळून आल्यावर परातीत पसरून तीन-चार तास पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर आत घाम धरतो आणि खोबरं लवकर खवट होतं.

मुदतीची तारीख शेजारच्या ब्रँडवर पाहून टाकू नका. एकाच बॅचची सहा पाकिटं बाजूला ठेवा, तीन कपाटात, तीन गॅसजवळच्या फळीवर. दर दोन महिन्यांनी दोन्हीकडचं एकेक फोडा, वास घ्या, आमटी करून पाहा. ज्या महिन्यात खवटपणा जाणवला, त्याच्या निदान एक महिना आधीची मुदत लिहा.

सक्तीच्या मजकुरात तुमच्या लेबलावर तीन उणिवा आहेत. सगळा मजकूर फक्त मराठीत आहे. बंधनकारक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवी, मराठी तिच्या जोडीला. छापील किंमत आहे, पण दर ग्रॅमची किंमत नाही. २०० ग्रॅमला १८० रुपये असतील तर ‘०.९० रुपये प्रति ग्रॅम’ असं लिहावं लागतं. मेतकूट आणि थालीपिठाच्या भाजणीत गहू आहे, तरी ॲलर्जीची सूचना नाही. बाकी निव्वळ वजन, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, बॅच, तारखा, पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, १४ अंकी नोंदणी क्रमांक आणि हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका हे ठीक दिसतंय. पोषणमूल्यांचा तक्ता तुम्हाला लागू आहे का, ते नोंदणी करून देणाऱ्याकडून पक्कं करून घ्या. ‘१०० टक्के शुद्ध’ मात्र काढून टाका. लेबलावर ‘१०० टक्के’ वापरू नका, असं एफएसएसएआयने २०२५ मध्ये उत्पादकांना बजावलं आहे.

त्या जागी तपासता येईल असं काही लिहा. ‘उत्तम प्रतीची मिरची’ याला अर्थ नाही. ‘रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी’ याला आहे, आणि मिरची घेणाऱ्याला तो कळतो. पण ज्या मालाला भौगोलिक मानांकन आहे, त्याचं नाव उगाच वापरू नका. ब्याडगी मिरची आणि सांगलीची हळद दोन्ही मानांकित आहेत. तुमची ब्याडगी खरोखर ब्याडगीच आहे याची खरेदीची पावती जपून ठेवा, आणि त्या नावाचा अधिकृत शिक्का परवानगीशिवाय छापू नका.

ब्रँडच्या नावाचं म्हणाल, तर तुमचं सध्याचं नाव ‘स्वाद’सारखं गुणवाचक आहे. अशा नावाला ट्रेडमार्क मिळणं कठीण, आणि मिळालं तरी दुसऱ्याला अडवणं त्याहून कठीण. दोघींची आडनावं, गावाचं नाव, घरातलं एखादं लाडकं नाव जुळवून वेगळं काही काढा. ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर वर्ग ३० मध्ये आधी शोधा, मसाले त्याच वर्गात येतात. वैयक्तिक किंवा लघुउद्योगाच्या ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचे ४,५०० रुपये लागतात. अर्ज केल्यावर नावाशेजारी ‘टीएम’ लिहा. गोलातला ‘आर’ नोंदणी झाल्यावरच, त्याआधी लावणं गुन्हा आहे.

म्हणजे २५ हजारांची वाटणी साधारण अशी: ट्रेडमार्कला ४,५००, लेबलाची मांडणी आणि छपाईचे नमुने ८,०००, पाउच आणि बरं सीलिंग मशीन ७,०००, उरलेले ५,५०० वासाच्या बरण्या आणि नमुन्याच्या पुड्यांना. डिझायनरला लोगो नको, लेबलाची मांडणी करून दे म्हणा, आणि वर सांगितलेली काळ्या-पांढऱ्या फोटोची परीक्षा त्याच्यासमोरच घ्या.

हे सगळं सहाही दुकानांत एकदम करू नका. तीन दुकानं घ्या, प्रत्येकी बारा-बारा पाकिटं द्या, पंधरा दिवसांच्या उधारीचं बिल करा. दर शनिवारी किती गेली, किती उरली हे वहीत लिहा. चार आठवडे झाल्यावर एकच गोष्ट बदला, लेबल किंवा जागा किंवा किंमत. दोन एकदम बदलल्या तर कशामुळे खप वाढला ते कळत नाही. विक्रीइतकंच हेही विचारत राहा की कुणी नाव घेऊन मागितलं का.

मुहूर्त श्रावणाच्या आधीचा धरा. चातुर्मासात बऱ्याच घरांत कांदा-लसूण बंद असतो, मग गणपतीत नैवेद्याची आमटी आणि मसालेभात. गोड्याचा खप त्या दोन महिन्यांत आपोआप चढतो. पाकिटावर ‘कांदा-लसूण नाही’ ही ओळ तेव्हा सगळ्यात जास्त काम करेल, आणि तुमच्या भागातलं गुजराती आणि जैन गिऱ्हाईकही ती शोधतं. फक्त ती छापण्याआधी दळणाचा क्रम बदला. तुम्ही दोन्ही मसाले एकाच डंकावर देता असं पत्रात लिहिलंय. तुमच्या आधी कुणाचा कांदा-लसूण मसाला कुटला गेला असेल, तर त्याचा वास गोड्यात उतरतो आणि ती ओळ खोटी ठरते. डंकवाल्याला सांगून सकाळचा पहिला घाणा गोड्याचा लावून घ्या, त्याआधी मूठभर धने टाकून डंक साफ करून घ्या आणि ते धने वेगळे काढा. घरच्या चाळण्या आणि पराती दोन मसाल्यांसाठी वेगळ्या ठेवा. एवढं करूनही ‘जैन’ हा शब्द पाकिटावर घालू नका; त्यासाठी यंत्रच वेगळं लागेल.